कुणालाही सुचलं असतं

बंकटशेठच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते ती आधी जमिनीवर आपटत आणि मग बोलायला लागत. आमची पहिली भेट अशीच झाली. जालन्यात पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. एक धिप्पाड, साठीकडे झुकलेला माणूस मोसंबीचा प्लास्टिकचा क्रेट खांद्यावर घेऊन आत आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तो सरळ गॅलरीत गेला आणि त्याने क्रेट खाली रस्त्यावर फेकला. चहावाला ओरडत बाजूला पळाला. मग हा गृहस्थ शांतपणे खाली उतरला, क्रेट उचलून वर आला आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "बघा. कुठं तडकला?"

मी म्हटलं, "खाली माणूस मेला असता तर?"

"मेला न्हाई ना? क्रेटबी मेला न्हाई. आता याचं पेटंट काढा जल्दी."

मी त्यांना तिथल्या तिथे हाकलून द्यायला हवं होतं. पण मीही भोकरदनची आहे, आवाज चढवला की मलाही चढवता येतो. दोघांनी एकमेकांवर भरपूर ओरडून घेतलं आणि शेवटी त्यांनी बसून चहा घेतला, त्याच चहावाल्याचा. मी वकील नाही, पेटंटची कामं करणारी एजंट आहे, हे मी त्यांना सांगून सांगून थकले. त्यांच्यासाठी मी अखेरपर्यंत 'वकिलीणबाई'च राहिले.

त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण जालन्यात इतक्या पिढ्या गेलेल्या की बोलणं अस्सल इथलं. एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये त्यांचं एक मशीन होतं. नव्या मालातला पहिला क्रेट ते स्वतः घणाने ठोकत. तो फुटला की घण हातातून सुटे आणि कुठेही जाई. खाली कधी वाकायचं ते कामगारांना बरोबर कळे. हात उगारणं तर रोजचंच. हे मी कौतुकाने सांगत नाही. चांगली माणसं त्यांच्या हाताला कंटाळून सोडून गेली आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एका ऑपरेटरने मात्र थोबाडीत खाल्ल्यावर तितक्याच जोराने उलट दिली. बंकटशेठ गाल चोळत म्हणाले, "बराबर हाय, चूक माझीच होती." तो ऑपरेटर त्यांच्याकडे टिकला.

त्यांनी काय केलं होतं, ते थोडक्यात सांगते. क्रेट पॉलिथिनचा असतो. उन्हात राहिला, ट्रकमधून फेकला, की तडकतो. बंकटशेठ त्यात मासे धरायच्या जुन्या जाळ्यांचं नायलॉन मिसळत. ही दोन प्लास्टिकं एकमेकांना धरत नाहीत. त्यांना धरून ठेवणारा एक तिसरा पदार्थ लागतो, तो जगाला माहीत होता. पण पुस्तकं सांगत होती की नायलॉन चिमूटभरच घाला, जास्त घातलं तर माल ठिसूळ होईल. बंकटशेठनी ते ओंजळीने घातलं. तिसरा पदार्थ आधी नायलॉनमध्ये मुरवला, पॉलिथिन मागाहून सोडलं, आणि क्रेट ठिसूळ व्हायच्या ऐवजी चिवट झाला.

अर्ज गेला, छापून प्रसिद्ध झाला, आणि त्याला विरोध दाखल झाला. विरोध करणारे होते जुगलशेठ, बंकटशेठचे सख्खे थोरले भाऊ. दोघे पूर्वी एकाच कारखान्यात होते, मग वेगळे झाले. जुगलशेठने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं होतं की आपला जन्म या धंद्यात गेला, आणि असलं मिश्रण या धंद्यातल्या कुणालाही सुचलं असतं.

कायद्याचा प्रश्न नेमका तोच होता. मी बंकटशेठना समजावलं, "कायद्यात एक काल्पनिक माणूस धरतात. त्याला धंद्यातलं सगळं माहीत असतं, सगळी पुस्तकं वाचलेली असतात, पण स्वतःचं डोकं तो चालवत नाही. त्या माणसाला जे सहज सुचलं असतं, त्याला पेटंट मिळत नाही."

बंकटशेठनी जरा विचार केला. "सगळं येतं आन् डोकं चालवत न्हाई? म्हंजी आमचे भाईजी!"

त्यांना हसू आलं, पण थोडाच वेळ. पेटंट गेलं तर जुगलशेठच्या मोठ्या कारखान्यापुढे त्यांची शेड टिकणार नव्हती. आणि त्याहून जास्त त्यांना ते तीन शब्द झोंबले होते. "कुनालाबी सुचलं असतं," ते स्वतःशीच म्हणत आणि दात खात.

जुगलशेठने तोवर नायलॉन चिमूटभरच घालून तसेच क्रेट बाजारात आणले होते. एका सकाळी बंकटशेठ कुऱ्हाड घेऊन मोसंबीच्या बाजारात शिरले आणि भावाच्या क्रेटची थप्पीच्या थप्पी फोडली. आडवा आलेल्या व्यापाऱ्याचा दांड्याने दात पाडला. मोसंबी पायाखाली चेंदामेंदा, लोक पळतायत, आणि हे मधोमध उभे. मला पोलीस स्टेशनात जावं लागलं. बाकावर बसलेले बंकटशेठ मला बघून खूश होऊन म्हणाले, "वकिलीणबाई, एका घावात फुटून राह्यला त्याचा माल! मिश्रन बिलकुल जमलं न्हाई त्याला."

"तुम्ही माणसाचा दात पाडलात," मी म्हटलं.

"तो बसवून देतो. पन हे लिहून घ्या."

त्यातलं काही लिहिण्यासारखं नव्हतं. मला हवा होता पुरावा: हा धंदा, हे जाणकार, या मिश्रणाला आधी काय म्हणत होते? म्हणून एकदा मी विचारलं, "पहिल्यांदा नायलॉन घातलंत तेव्हा काय झालं?"

"वितळलंच न्हाई. मशीनचा स्क्रू तुटला. पूर्ण बॅरल जाम."

"मग?"

"मंग काय, भाईजीनं सळई उचलली आन्..." ते एकदम थांबले. हात कपाळावर गेला. उजव्या भुवईच्या वर त्यांना एक खोल, वाकडी खूण होती. तिच्याबद्दल मी पूर्वी विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं, पाय घसरला, साच्यावर पडलो.

मी जवळजवळ ओरडलेच, "बंकटशेठ, हाच पुरावा! तुमच्या भावाला हे इतकं सहज सुचण्यासारखं होतं, तर त्याने त्यापायी तुमचं डोकं का फोडलं? हे लिहून द्या. जिंकलो आपण."

माझ्या ऑफिसातली पाहुण्यांची खुर्ची त्या दिवशी भिंतीवर फुटली. तिचा एक पाय माझ्या कानाजवळून गेला. तोवर मला त्यांची गंमत वाटत होती, त्या क्षणी मी खरंच घाबरले.

"मी पडल्तो!" ते गरजले. "माँ जित्ती हाय अजून. तिला सांगितलंय मी, पडल्तो म्हून. तिच्या एका लेकानं दुसऱ्याचं डोकं फोडलं, हे सरकारी कागदावर यावं? पेटंट गेलं खड्ड्यात."

जगाला मारत सुटलेला हा माणूस स्वतः खाल्लेला हा एक फटका आयुष्यभर झाकून बसला होता. मला त्यांचा राग आला आणि गलबलूनही आलं. मी तो मुद्दा लिहिला नाही.

सुनावणी माझ्याच ऑफिसात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. पडद्यावर एका चौकटीत पेटंट कार्यालयाचे अधिकारी, दुसऱ्या चौकटीत वकिलाशेजारी बसलेले जुगलशेठ. तेच कपाळ, तोच जबडा. बंकटशेठना मी बजावलं होतं की तोंड उघडायचं नाही आणि टेबलावरचं काही उचलायचं नाही. समोरच्या वकिलाने मुद्दे छान मांडले. पुस्तकात दोन प्लास्टिकं आहेत, पुस्तकात तिसरा पदार्थ आहे, प्रमाण वाढवणं तर कुणीही करतं.

माझी पाळी आली. मी पुस्तकांचं बोलले आणि मग मुद्दाम डिवचलं. "विरोधक जन्मभर या धंद्यात आहेत. मग त्यांनी स्वतः हे का केलं नाही? त्यांना जमण्यासारखं नव्हतं, असंच म्हणावं लागेल."

वकिलाने हात आडवा घालेपर्यंत जुगलशेठ उठले होते. "जमत न्हाई? मला? आरं, एवढं नायलॉन टाकायला मी येडा हाय का? मशीनचं वाटोळं होतं, हे शेंबडं पोरगंबी सांगल! यानं टाकल्तं, तवा सळईनं डोकं फोडल्तं मी याचं. इचारा त्याला!"

मला टाळी वाजवावीशी वाटत होती. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "न्हाई साहेब. मी पडल्तो. पाय घसरला."

मी कपाळाला हात लावला. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "कोण पडलं आणि कोणी मारलं, हे ठरवायला आपण बसलेलो नाही. जुगलशेठ, एवढं नायलॉन घालायचं नसतं, हे धंद्यात सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना!" जुगलशेठ छाती पुढे काढून म्हणाले. शेजारच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मी काही सह्या घ्यायला शेडवर गेले होते. जुगलशेठ एकटेच आत आले. मशीन चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं. मी मोबाईल हातात धरला, पोलिसांना लावायच्या तयारीने.

"खोटं का बोलला?" जुगलशेठने विचारलं. "मीच सांगून राह्यल्तो ना खरं?"

बंकटशेठ जवळ गेले आणि त्यांनी भावाच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की जुगलशेठ क्रेटच्या थप्पीवर कोसळले. ओठ फुटला, पांढऱ्या सदऱ्यावर रक्त आलं. कामगार धावले, त्यांना बंकटशेठनी हाताने अडवलं.

"ही डोक्याची न्हाई, भाईजी," ते म्हणाले. "डोकं तुमचंच हाय, पाहिजे तवा फोडा. ही 'कुनालाबी सुचलं असतं' म्हनालात, त्याची."

जुगलशेठ क्रेटला धरून उठले, ओठ पुसला आणि म्हणाले, "मला न्हाई सुचलं." एवढंच. आणि गेले. बंकटशेठ त्या पडलेल्या थप्पीकडे तोंड करून उभे राहिले. ते रडत होते, पण कुणी जवळ जायची सोय नव्हती.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. जाणकार माणूस या वाटेला गेला नसता, हे विरोधकाच्याच तोंडून आलं आहे, असं त्यात होतं. सळईचा उल्लेख कुठेही नव्हता. मी मराठीत वाचून दाखवलं, तर बंकटशेठनी आधी विचारलं, "पडल्याचं काही लिहिलंय?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला आणि टेबलावरचा क्रेट उचलून गॅलरीकडे निघाले. चहावाला आता सरावला होता. त्यांना बघूनच बाजूला झाला.

पुढल्या उन्हाळ्यात ते गेले, शेडमध्येच, हातात घण असताना. छातीत कळ आली आणि संपलं. त्यांची आई मागे राहिली. अंगणात त्यांना ठेवलं होतं तेव्हा तिने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला, खुणेवर थांबली आणि म्हणाली, "लहानपनापासून असाच, बघून चालायचाच न्हाई." शेजारी उभे असलेले जुगलशेठ पुढे सरकले. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांच्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली, आणि ते गप्प राहिले.

आजही एखाद्या सुनावणीत समोरचा वकील म्हणतो, "हे तर कुणालाही सुचलं असतं." माझा हात आपोआप उजव्या भुवईच्या वर जातो.