पडद्यामागं बसलेली जिजी

आमच्या जिजीला कशाला तरी नावं ठेवल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नसे. चहा दुसऱ्यानं केलेला असला तर करणारीला, स्वतः केलेला असला तर साखरेला. साखर सभासदांना कारखान्यातून मिळायची, म्हणजे आमच्याच उसाची, तरी म्हणायची, "हिला गोडी न्हाय, नुसता रुबाब हाय." बारामतीचे डॉक्टर, इंदापूरकडची समस्त माणसं, कीर्तनकार, नव्या सुना, जुना ट्रॅक्टर, तिच्या तोंडातून कुणी सुटलं नाही. मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा पेढा खाऊन म्हणाली, "बरं झालं. आता बोलायचा पगार मिळंल. हितं फुकट बोलत हुतीस."

जिजी माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. वडिलांना ती दादा म्हणायची, म्हणून आम्हीही दादाच म्हणतो. तिचं लग्न इंदापूरकडच्या एका गावात झालं होतं. तिथून ती लवकरच पणदऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर परत आली आणि मग उभा जन्म इथंच राहिली. म्हशी पाळल्या, पुढं जर्सी गाई पाळल्या, डेअरीवाल्याशी फॅटवरून रोज भांडली. नवऱ्याचा विषय निघाला की एवढंच म्हणायची, "फेटा तेवढा चांगला बांधायचा." बाकीचं आईनं सांगितलं. आमटीत मीठ कमी पडलं तर तो ताट फेकायचा आणि जास्त पडलं तर हात उचलायचा.

ती परत कशी आली याची गोष्ट मात्र तिला एका सिनेमाशिवाय सांगता यायची नाही. आणि सिनेमा कसला, नुसता धूर. ढगांच्या राज्यातली राजकन्या पृथ्वीवर उतरते, एका तरण्या कासाराकडं बांगड्या भरायला बसते आणि तिथंच प्रेमात पडते. जिजीला हे पहिल्यापासून मान्य नव्हतं. "बांगड्या भरताना हात धरला म्हणून पिरेम? मग आमच्या कासाराला सात गावांत बायका झाल्या आसत्या." शेवटी ढगांचा राजा, म्हणजे मुलीचा बाप, एका फाट्यावर येऊन उभा राहतो आणि सांगतो, उजव्या वाटेनं आलीस तर माझी लेक, डाव्या वाटेनं गेलीस तर त्याची बायको. ती आपल्याकडं पाठ करून एका वाटेनं निघते. मग धूर. मग कासार अंधारात एकटा बसलेला. दार करकरतं, तो मान वर करतो आणि समाप्त. दारात ती आहे की वारा आहे, हे दाखवायची कुणी तसदी घेतलेली नाही. धुराचं यंत्र बंद कसं करायचं हेच त्यांना माहीत नसावं.

हा सिनेमा आमच्या गावच्या जत्रेत तंबूत लागला होता. जत्रेला गर्दी मावायची नाही, म्हणून पडदा तंबूच्या मधोमध बांधायचे. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. पातळ कापडावर चित्र दोन्हीकडून दिसायचं. जिजीला या व्यवस्थेचा संताप होता. "म्होरं निम्मी जागा मोकळी, बापय पाय पसरून बिड्या वढत्यात, आन् आमी मागं एकीच्या उरावर एक." हे तिनं मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी त्याकडं लक्ष देणं सोडून दिलं होतं.

त्या जत्रेला जिजी माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा न्यायला आला, चांगला बांधलेला फेटा घालून. ओट्यावर चहा पिऊन म्हणाला, "चला." जिजी चुलीपुढून उठली नाही. आतूनच म्हणाली, "मी येत न्हाय." दादा तेव्हा विशी-बाविशीचे. बहिणीला परत पाठवायचा त्यांना आनंद होता असं नाही, पण लोक काय म्हणतील हा प्रश्न आमच्या घराण्यात डोक्याच्या आधी जन्माला येतो. त्यांनी समजूत घालायला कालचाच सिनेमा काढला. "कमे, आगं, एवढी राजाची पोर, ती बी शेवटी नवऱ्याकडंच गेली का न्हाय?"

"कुठं गेली? बापाकडं गेली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. उजवीकडं गेली."

"डावीकडं गेली."

"उजवीकडं."

नवरा बिचारा ओट्यावर बसून राहिला आणि बहीण-भाऊ ढगांच्या राजकन्येवरून भांडत राहिले. शेवटी आजोबा गोठ्यातून आले. त्यांनी सिनेमा पाहिलेला नव्हता, हे फार बरं झालं. ते म्हणाले, "ती कुठं का जाईना. ही हितं ऱ्हाती म्हणती तर ऱ्हाऊ द्या." फेटा एकटाच एसटीनं परत गेला आणि पुढच्याच लग्नसराईत पुन्हा बोहल्यावर चढला. त्या बातमीवर जिजी म्हणाली, "तिला आमटीचं मीठ कुणीतरी कळवा रं."

पुढची सगळी वर्षं हा वाद आमच्या घरात चालू राहिला. सणासुदीला पुरणपोळी असायचीच आणि राजकन्या असायचीच. दादांचं म्हणणं, ती राहिली, म्हणून तर दार वाजलं. जिजीचं म्हणणं, दार वाऱ्यानं वाजलं, ती शहाणी होती, गेली. दोघंही दुसऱ्याला आंधळं समजत. जिजीकडं तर कारणही होतं. "त्या कासाराच्या घरात कोण ऱ्हाईल? डाव्या हातानं जेवायचा मेला. समदेच डावरे. राजा बी डाव्या हातानं आशीर्वाद द्यायचा." दादा कपाळावर हात मारायचे. कुणीही डाव्या हातानं जेवत नव्हतं, म्हणायचे. आम्ही पोरं समजायचो, जिजी आपलं म्हणणं खरं करायला काहीही रचते.

एकदाच ती हे सोडून बोलली. मी नोकरीला लागले होते, स्थळं बघणं चाललं होतं, आणि एका मुलाला नाही म्हणायचं मला धाडस होत नव्हतं. गाईला आंबोण घालता घालता म्हणाली, "मी तवर बाई सासरी जाताना बघितली हुती. माघारी आलेली एक बी बघितली न्हवती. ती पयली. तिला जाताना बघितलं आन् मनात आलं, आसं बी करता येतं व्हय." मग लगेच, आपण जास्त बोललो असं वाटून, आंबोणाला नावं ठेवली. मी त्या मुलाला नकार कळवला.

मागच्या उन्हाळ्यात तो सिनेमा मला फोनवर सापडला. टीव्हीवर कधी लागला नव्हता, कुणीतरी जुनी, रंग उडालेली प्रत टाकली होती. मी ओसरीवर बसून सरळ शेवट लावला. राजा बोलला, ती पाठ करून निघाली, आणि स्वच्छ डावीकडं गेली. मी मागं नेऊन पुन्हा पाहिलं. डावीकडंच. मग आधीचा भाग लावला. कासार जेवायला बसला होता, उजव्या हातानं भाकरी मोडत होता. राजाचा आशीर्वादाचा हातही उजवाच. तेव्हा कुठं माझ्या पगारी डोक्यात उजेड पडला. जिजी पडद्याच्या मागं बसली होती. मागून बघणाऱ्याला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसणार. उजव्या हातानं जेवणारा डावरा दिसणार आणि डावीकडं जाणारी उजवीकडं. बोलणं मात्र उलटं होत नाही. राजा 'उजव्या वाटेनं' म्हणाला ते तिनं बरोबर ऐकलं आणि राजकन्येला उजव्या वाटेनं जाताना अगदी खरंखुरं पाहिलं. शेवटी पडद्यावर अक्षरं आली असतील तीही उलटीच, पण तिला अक्षरंच येत नव्हती.

मी फोन बंद करणार होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा सगळा जन्म त्या एका पावलावर उभा होता, आणि ते पाऊल दुसरीकडं पडलं होतं, हे तिला सांगून मला काय मिळणार होतं? पण सिनेमातलं बांगड्यांचं गाणं तिनं आतून ऐकलं होतं. गुडघे धरत बाहेर आली. "दाव."

दाखवलं. कासाराला जेवताना बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेवट तिनं तीनदा बघितला. मी पडद्याचं सगळं सांगितलं, हातातला रुमाल उजेडासमोर धरून सांगितलं. मला भीती वाटली, खरंच वाटली. या बाईला गप्प बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग म्हणाली, "चुकली ती."

"कोण?"

"राजाची पोर. बाप दारात येऊन ये म्हणतोय आन् ही चालली अंधारात बांगड्या इकायला." फोन माझ्या हातात ठेवून उठली आणि दारापाशी थांबली. "बरं झालं बाई, आमाला मागं बसवलं. म्होरं बसले आसते तर दुसऱ्या दिवशी गेले आसते त्याच्या मागनं." गोठ्याकडं जाता जाता पुन्हा वळून म्हणाली, "दादाला सांगू नगंस. लई फुशारेल."

थंडीत ती गेली. दोन दिवस ताप आला, डॉक्टरला नावं ठेवली, आणि गेली. दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. कावळ्याला काठावरची इतकी माणसं दिसत होती, तो कशाला खाली येतो? पण लोकांनी आपापली वचनं दिली. गाई विकणार नाही, म्हणून झालं. धाकट्या नातीला शिकवू, म्हणून झालं. कावळा बाभळीवर बसून राहिला. ऊन चढलं. कुणीतरी दर्भाचा कावळा करायची गोष्ट काढली.

तेव्हा दादा काठी टेकत पुढं गेले. हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कमे, तुझंच खरं. उजवीकडंच गेली ती. बापाकडं गेली."

कावळा खाली आला. लोकांनी मान डोलावली. मी म्हणेन, त्याला भूक लागली होती.

परतताना गाडीत दादांनी खिडकीबाहेरच्या उसाकडं तोंड केलं. मग डोळे पुसून माझ्याकडं न बघता पुटपुटले, "गेली हुती डावीकडंच. मी म्होरं बसलो हुतो, मला दिसत न्हवतं व्हय? पण लेक घरी आणायची तर तसं म्हणावं लागतं."

मी काही बोलले नाही. जिजीनं बजावलं होतं.