विहिरीची दुसरी किल्ली

अंबाजोगाईच्या दवाखान्यातून सकाळी फोन आला, अण्णा गेले. सवयीने मी कागद ओढला आणि कामं लिहू लागले: गाडी, नातेवाईक, वसतिगृहातली मुलं... अण्णांच्या वस्तूंपाशी पेन्सिल थांबली. लिहायला काही नव्हतंच.

दिंद्रुडच्या अण्णांनी कापसाचं जिनिंग आणि शेती विकून संस्था काढली, तेव्हा मी तिची चिटणीस झाले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, सगळं देऊन टाकायचं आणि संस्था बंद करायची. "मग काढता कशाला?" मी विचारलं. "द्यायला. ठेवायला घर होतंच की." तरुणपणी ते गावच्या शेतकी सोसायटीचे चेअरमन होते. "एका खुर्चीपायी आमी गाव फोडलं, ताई. मागं काही उरलं की खुर्ची आलीच." रोज संध्याकाळी त्यांचा एकच प्रश्न असे, "काय राहिलं?" मी यादी वाचून दाखवायचे, दिलेल्याची ओळ खोडायचे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी बांधलेलं वसतिगृह गावाच्या हवाली केलं. शेवटी उरली त्यामागची विहीर. दुष्काळाचं वर्ष; मुलांना पाणी तिचंच. मी ती यादीतून हळूच गाळली. अण्णा बोट फिरवत वाचत होते. "इहीर कुठं गेली? जमिनीत तर हाय. यादीतच आटली का?" त्यांनी ती बायकांच्या दूध सोसायटीला दिली. वसतिगृहाला पाणी द्यावं, ही मी कागदात घातलेली अटही खोडली. "अट घातली म्हंजी दिलंच न्हाई." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही... आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची दुसरी किल्ली पर्समध्ये टाकली. उद्या पोरांचं पाणी तोडलं तर?

उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला. सोसायटीच्या रुक्मिणबाईंनी पाइप आधी वसतिगृहाकडे वळवला, मग गोठ्यांकडे. मी आभार मानायला गेले, तर त्या उखडल्याच. "पोरं आमचीच हायेत. लिहून कशापायी घ्यायचं?" अट राहिली असती, तर मला हे कधी कळलंच नसतं.

पुढे काही वर्षांनी, दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीतही अण्णांनी विचारलं, "काय राहिलं?"

"काही नाही, अण्णा."

त्यांनी माझ्या पर्सकडे पाहिलं. "बघा नीट."

तेराव्यानंतर किल्ली घेऊन रुक्मिणबाईंकडे गेले. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हसून परत माझ्या हातात ठेवली. "त्या खोलीला कुलूप कुठं हाय, ताई? अण्णांनीच काढायला लावलं, इहीर दिली त्याच दिवशी."

म्हणजे इतकी वर्षं अण्णांना ठाऊक होतं, आणि त्यांनी मला ती बाळगू दिली... किल्ली अजून माझ्याकडेच आहे. यादीत तिची ओळ लिहिली आहे. संध्याकाळी पेन्सिल हातात घेते, पण ती तेवढी ओळ खोडवत नाही.