प्रॉम्प्टरची पोर

माझी मुलगी तिसरीत होती त्या वर्षी मी शाळेत तिच्यापेक्षा जास्त हेलपाटे घातले असतील. तिला निदान रविवारची सुट्टी असायची. मला गुरुजी रविवारीही बाजारात गाठायचे आणि वांग्यांच्या ढिगाजवळ उभे राहून म्हणायचे, "बाई, उद्या जरा येऊन जा."

आमचं गाव सडक अर्जुनीहून हायवे सोडून पाचेक किलोमीटर आत. शाळा दोन खोल्यांची. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, एकाच गुरुजींकडे. म्हणजे या पोरीचं आणि गुरुजींचं नातं दोन वर्षांचं ठरलेलं होतं, आणि दोघांनाही सुटका नव्हती.

तक्रार एकच. पोरगी हुशार, पण तोंडाला दार नाही. गुरुजींनी "एका टोपलीत बारा आंबे" एवढं म्हणायचा अवकाश, ही मागून ओरडायची, "चोवीस!" टोपल्या किती ते अजून सांगायचंच असायचं. कधीकधी उत्तर बरोबर निघायचं, म्हणून तर ती सुधारत नव्हती. त्याहून मोठा गुन्हा म्हणजे, दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती हळूच पुरवायची. उभं केलेलं पोर छताकडे बघायला लागलं की हिचे ओठ हललेच. त्या वर्षी वर्गात सगळ्यांना सगळं येत होतं, आणि खरं कोणाला काय येतं ते गुरुजींना कळत नव्हतं.

मी मुळात तिखट बाई. पहिल्या तक्रारीला मी गुरुजींशीच भांडले. म्हटलं, "येते तं सांगते ना, गुरुजी! येत नसतं तं तुमीच बोंबलले असते." गुरुजींनी हिची चाचणीची वही माझ्यापुढे ठेवली. 'यांपैकी पक्षी नसलेला कोणता?' असा प्रश्न होता, आणि हिने ऐटीत लिहिलं होतं, 'पोपट'. पुढचे चारही प्रश्न असेच. प्रश्नाचा शेवट तिने वाचलेलाच नव्हता. मी वही मिटली. घरी येताना रस्त्यात तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि घरी पोचल्यावर मलाच रडू आलं, कारण मी लहानपणी अशीच होते, आणि माझी शाळा पाचवीतच सुटली होती.

चौथीच्या वर्षी स्कॉलरशिपच्या परीक्षेचे फॉर्म आले. आमच्या शाळेतून पाच पोरं बसणार होती. गुरुजी स्वतः घरी आले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवून म्हणाले, "हिला नेणार नाही मी."

"काऊन?"

"केंद्रावर हिनं तोंड उघडलं ना बाई, तर हिचा तर पेपर जाईलच, बाजूच्याचाही जाईल. मी चार पोरांचं वाटोळं करू का हिच्यापायी?"

या वेळी मला भांडता आलं नाही, कारण माणूस खोटं बोलत नव्हता. मी हात जोडले. गुरुजींनी बराच विचार करून एका महिन्याची मुदत दिली. महिनाभर वर्गात विचारल्याशिवाय बोलली नाही, तर फॉर्म भरू. मुलगी दाराआडून ऐकत होती. गुरुजींचं वाक्य संपायच्या आत ती बाहेर येऊन म्हणाली, "नाही बोलत!" गुरुजींनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मग माझे उपाय सुरू झाले. शाळेत जाताना तिच्या तोंडात लवंग ठेवली, ती तिने चावून गिळून टाकली. बोटाला चिंधी बांधली, म्हणजे चिंधी दिसली की आठवेल. दुपारपर्यंत ती चिंधी एका बाहुलीची साडी झाली. जिलेबीचं आमिष दाखवलं, तर तिने आठवडा संपायच्या आधीच निम्मी जिलेबी आगाऊ मागितली. हसू येत होतं आणि धीरही सुटत होता. एका संध्याकाळी मी भात वाढता वाढता हात थांबवला आणि विचारलं, "स्वतःचं सांगते ते ठीक. पण दुसऱ्याले कायले सांगतेस व?"

ती म्हणाली, "बाबा नाही सांगत का? जो अडला त्याले सांगाचंच असते."

मी तिच्या बाबांकडे बघितलं. ते ताटात खाली मान घालून हसत होते.

आता हे सांगायला हवं. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आमच्या गावात नाटक गावातलीच माणसं करायची, आणि माझा नवरा त्या नाटकाचा प्रॉम्प्टर, अडलेल्या नटाला आडून वाक्य पुरवणारा. वर्षभर दोन शब्दांच्या वर न बोलणारा हा शेतकरी माणूस, पण मंडई आली की बाजूच्या पडद्याआड पुस्तक घेऊन बसायचा आणि अख्खा राजवाडा त्याच्या आवाजावर चालायचा. लोक त्याला मान द्यायचे. पोरीने लहानपणापासून तेच बघितलेलं. वर्गात कोणी अडलं की पुरवायचं, ही तिच्या लेखी घरची रीत होती. त्यासाठी गुरुजी रागावतात, याचंच तिला नवल वाटायचं.

तिचे बाबा म्हणाले, "उद्यापासून तालमीले येऊ दे तिले माह्यासंगं."

"अजून तोंड सुटाचं तिचं!"

"येऊ दे."

धान कापून झालं होतं. संध्याकाळी समाजमंदिरात तालीम बसायची. पहिल्या दिवशी मीही गेले, मुद्दाम भांडायच्या तयारीनेच. त्यांनी पुस्तक पोरीच्या हातात दिलं, स्वतः मागे सरकून बसले आणि सांगितलं, "ओळीखालून बोट चालवाचं. अख्खं वाक्य वाचाचं. मंग वर पाहाचं."

नायकाचं काम आमच्या गावचा टेलर करायचा. एरवी पोलक्याची बाही नेहमी तोकडी शिवणारा हा माणूस, पण रंगमंचावर असा थांबायचा की बायका पदर डोळ्याला लावत. त्या दिवशी तो नाटकातल्या आईच्या पायाशी बसला, तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि थांबला. पोरीने लगेच त्याचं वाक्य म्हणून टाकलं. मग पुढचं. मग खलनायकाचंही, त्याच्या हसण्यासकट. समाजमंदिर हसून लोळलं. टेलर उठला आणि म्हणाला, "बाप्पा! मंग तूच कर ना नाटक! मी जातो मशीनवर."

मी उठलेच होते. तिच्या बाबांनी हाताने मला बसवलं. ते पोरीला विचारत होते, "तो विसरला होता का?"

"नाही."

"मंग कायले सांगतलं?"

"मले येत होतं."

"तुले येते म्हनून नाही सांगाचं, पोरी. त्याले येत नसन तं सांगाचं. तेही दोनच शब्द. बाकी त्याचं त्याले करू दे."

पोर गप्प झाली. ती गप्प झालेली मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढचे दिवस फार मजेचे गेले. ती घरी येऊन मला दाखवायची: माणूस मुद्दाम थांबला की श्वास घेतो, आणि खरंच विसरला की डोळे वर जातात. मी फोडणी देताना थांबले तरी ती माझे डोळे तपासायची. तालमीत चुकायची, टेलर चिडायचा, ती पुन्हा बोट ओळीखाली आणायची. आठवडाभराने टेलर भर प्रसंगात खरंच अडला. पोर बघत राहिली. तिने आधी ओठ दाताखाली धरले. मग त्याचे डोळे वर गेले, आणि हिने दोन शब्द दिले, इतके हळू की मला ऐकू आले नाहीत. टेलर पुढे बोलत सुटला. संपल्यावर त्याने खिशातून खडूचा तुकडा काढून तिला बक्षीस दिला, टेलरकडे दुसरं काय असणार. त्या रात्री ती जेवली नाही नीट, इतकी आनंदाने फुगली होती.

वर्गात फरक पडायला थोडे दिवस लागले. एकदा गुरुजी सायकल टेकवून दारात उभे. म्हणाले, "पोरीला बरं नाही का? आज दिवसभर बोलली नाही." मी हसायला लागले ती थांबेचना, आणि गुरुजी रागावून निघून गेले. महिन्याभरात ती तीनदा घसरली. गुरुजींनी दोनदाच धरलं, तेही सोडून दिलं आणि फॉर्म भरला. एक अट मात्र घातली की परीक्षेच्या दिवशी मीही केंद्राबाहेर बसायचं.

मंडईच्या नाटकाला पहिला अंक तिने सांभाळला आणि दुसऱ्या अंकाला बापाच्या मांडीवर झोपली. त्याचं सगळ्या गावाने कौतुक केलं, पण माझा जीव परीक्षेत अडकला होता.

निकाल आधीच सांगून टाकते, उगीच कोणाचा जीव टांगणीला नको. ती चांगल्या मार्कांनी पास झाली, स्कॉलरशिप थोडक्यात हुकली. घरात कोणाला त्याचं दुःख झालं नाही, आम्ही जिलेबी आणलीच. पण मला आठवतो तो परीक्षेचाच दिवस.

केंद्र सडक अर्जुनीच्या मोठ्या शाळेत होतं. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग, आणि आत माझी पोर, तोंड बंद करून. मी फाटकासमोर झाडाखाली बसले होते. गुरुजी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. माझ्या पिशवीतले शेंगदाणे त्यांनी एकट्याने संपवले आणि दर पाच मिनिटांनी विचारत राहिले, "आतून काही आवाज आला का?" पहिला पेपर झाला, दुसरा झाला. कोणी कोणाला बाहेर काढलं नाही. शेवटच्या पेपरची घंटा झाली आणि गुरुजींनी चक्क मला नमस्कार केला.

पोरं बाहेर आली. माझी पोर लालबुंद चेहऱ्याने धावत आली आणि मला ओलांडून पुढे गेली. फाटकाबाहेर तिच्या बाजूच्या बाकावरचा, परगावचा एक मुलगा पट्टी आणि पॅड सांभाळत चालला होता. हिने त्याला गाठलं, त्याच्या सदऱ्याला धरून थांबवलं आणि एका श्वासात एक अख्खं गणित सोडवून सांगितलं. कशातून काय वजा करायचं, कशाने भागायचं आणि उत्तर किती. मी धापा टाकत पोचले तोवर उत्तर झालं होतं.

मुलगा बावचळून म्हणाला, "तुले कसं मालूम मले हे येत नव्हतं?"

"त्या गणितावर तुझं बोट होतं, आन् डोळे वरते गेले होते. दोन खेपा."

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. आणि मग ती रडली. हायवेच्या कडेला उभी राहून, गळा काढून. "तो अडला होता, आई. मले येत होतं आन् त्याले येत नव्हतं. तरी मी नाही सांगतलं." इतके महिने ज्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून मी धडपडले, ते तिने लावलं होतं, आणि ते तिला एवढं जड गेलं होतं. मला फार वाईट वाटलं. परीक्षेत सांगायचं नसतं, हे खरंच आहे, पण ते त्या घडीला माझ्या तोंडातून निघेना. मी तिला नुसतं जवळ घेतलं.

मुलगा घाबरला. म्हणाला, "अव, रडू नको ना. मी तेच उत्तर लिहिलं. अंदाजानं खूण केली."

रडणं जागच्या जागी थांबलं. "सांग बरं, कितव्या पर्यायावर?"

त्याने सांगितलं. बरोबर होतं.

अशी किंकाळी फोडली पोरीने की चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर उठून उभे राहिले. ती उड्या मारत होती, तो मुलगाही मारायला लागला, आणि मी गुरुजींकडे बघितलं, की आता हे डोळे वटारतील. गुरुजी चष्मा पुसत होते. म्हणाले, "बोलू द्या बाई, आता बोलू द्या."

परतीच्या जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो. पोर गुरुजींच्या आणि माझ्या मधे दाटून बसली आणि पहिल्या पेपरच्या पहिल्या प्रश्नापासून तिने सुरुवात केली. गाव आलं तरी तिसरा पेपर चालूच होता. उतरायची वेळ झाली तरी गुरुजी हललेच नाहीत, तिचं वाक्य संपेपर्यंत बसून राहिले.