निमोण्याच्या बिबट्याची खरी हकिकत

ही गोष्ट कालपर्यंत मी कुणाला सांगितली नव्हती. काल सांगितली, तीही अर्धीच. माझ्यासारख्यानं एखादी गोष्ट पोटात ठेवावी म्हणजे काय — शिरूरपासून दौंडपर्यंत कुणालाही विचारा. निमोण्यात कोंबडा आरवला, तर दौंड स्टेशनात त्याचा मोर करून पोचवणारा माणूस मी.

माझा बिबट्या तुम्ही ऐकला असेलच. उसातून निघालेला, बैलाएवढा, आणि समोर मी एकटा, हातात विहिरीवरच्या मोटारीचा पाना. सुरुवातीला तो कुत्र्याहून जरासा मोठा होता. सांगून सांगून मीच वाढवला. आमच्या मेंढ्याही मी इतक्या मायेनं पोसल्या नाहीत. एकदा पुण्याच्या डेमू गाडीत रंगवला, तर माणसं उतरायचं विसरली — अभिमान आहे मला त्याचा. का नसावा?

घोटाळा पोरीनं केला. ती शिरूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकते. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या घरच्यांवर करून बघत होती.

"आप्पा, खरं सांगा हं. संकट आलं की काय करता?"

"पुढं होतो," मी म्हणालो.

मग तिनं तिच्या आईला विचारलं. सुमन भाकरी थापत होती. "मी लई भित्री हाय," ती म्हणाली. "लिही तसंच."

त्या दिवसापासून मी पोरीची पुस्तकं धरली. परीक्षेला बसलो असतो, तर विद्यापीठाला माझा सत्कार करावा लागला असता. एक पंडित म्हणतो, आपल्याला चालवणारं मन तळघरात असतं, वरच्याला पत्ता नसतो. झकास — म्हणजे पळाला तो तळघरातला. दुसरा म्हणतो, शाबासकी मिळते तेच माणूस पुन्हा करतो. मग दोष टाळ्या देणाऱ्यांचा, नाही का? तिसऱ्याचा न्यूनगंडही मला चपखल बसला. आमच्या बापाचा जीव पोरांपेक्षा मेंढ्यांत जास्त. पाच गुणांची मोजपट्टी आहे, तिच्यात बहिर्मुखपणाला मी पट्टीच्या बाहेर गेलो. एकानं मात्र लिहिलंय — माणूस निवड करतो, आणि तसाच घडत जातो. ते पान मी भराभर उलटलं.

का उलटलं?

तर — संध्याकाळ होती. बिबट्यानं शेळी धरली. शेळीचा दोर सुमनच्या हातात. आणि मी... मी मोटारीच्या खोलीत शिरलो, आतून कडी लावली. बाहेर ती एकटी घमेल्यावर खुरपं बडवत ओरडत होती. त्या आवाजानं बिबट्या उसात गेला, माणसं धावत आली. तेव्हा मी दार उघडलं. हातात पाना होता.

"आप्पा, तुम्ही हाकलला व्हय?" कुणीतरी विचारलं.

"मग?" मी म्हणालो.

सुमननं घमेलं उचललं नि ती घराकडं निघाली. गावानं मला फेटा बांधला, तेव्हा औक्षणही तिनंच केलं. आख्ख्या तालुक्यात नसेल असं काळीज माझ्या घरात आहे — आणि यात तिळभर वाढवलेलं नाही.

काल हे सगळं पोरीला सांगितलं, सुमनच्या समोर. पोर माझ्याकडनं आईकडं वळली. मग म्हणाली, "आई, तू दार न्हाई वाजवलंस?"

"वाजवलं की," सुमन म्हणाली. "पण आत मोटार चालू होती गं. ह्यांना ऐकू गेलं न्हाई."

मी मान डोलावली.

मला ऐकू आलं होतं.