आईचं कपाळ

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाई महापालिकेला उभ्या राहणार होत्या. खरी इच्छा त्यांच्या यजमानांची, पण प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि फलकावरचा फोटो बदलला. राखीव जागांबद्दल माझं मत फारसं कुणाला रुचत नाही. कायद्यानं बाईला पुरुषाइतकाच हक्क द्यावा, तिच्या वाटेतले अडथळे काढावेत आणि मग बाजूला व्हावं. पुढे काय करायचं ते तिचं तिला ठरवू द्यावं. हे बोललं की पुरुष खूश होतात, बायका रागावतात आणि मला दोघांचाही राग येतो.

पण या बाई कामाच्या. आई बाथरूममध्ये घसरून पडली तेव्हा मी ठाण्याला ऑफिसात होते, आणि त्यांनीच तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. त्यामुळे संक्रांतीच्या आधी त्या घरी आल्या तेव्हा मला तोंड उघडता येईना. पक्षातर्फे विधवांसाठी हळदीकुंकू होतं. स्टेजवर त्या स्वतःच्या हातानं कुंकू लावणार, बातमीदार येणार, आणि आई सगळ्यात वयस्कर म्हणून पहिला मान तिचा. आई म्हणाली, येईन, पण कुंकू नको. बाई हसल्या, काकू लाजतात म्हणाल्या आणि निघून गेल्या. नकार त्यांनी ऐकलाच नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

बाबा मोहन्याच्या कारखान्यात होते. ते गेले तेव्हा मी कॉलेजात होते. कोकणातून आलेल्या नातेवाईक बायका आईचं कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला पुढे झाल्या, तेव्हा आई भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. मोठे काका आमच्या घरचं पाणीही न पिता निघून गेले. त्यानंतर ती कित्येक वर्षं तेवढंच ठसठशीत कुंकू लावून बाजारात गेली, लग्नांना गेली, लोकांच्या नजरा झेलत राहिली. माझी सगळी मतं त्या कपाळावरून आली आहेत असं म्हटलं तरी चालेल. आणि मग एक दिवस ती मोकळ्या कपाळानं चहाला बसली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, आता नको वाटतं. मी भांडले तिच्याशी. जिंकलेली लढाई तिनं सोडून दिली असं मला वाटलं होतं.

हॉल भरलेला होता. स्टेजवर खुर्च्यांची रांग, मागे वाणाच्या स्टीलच्या डब्यांचा ढीग. आज आपण जुन्या बेड्या तोडतोय, असं कुणीतरी माइकवर सांगत होतं. बाई करंडा घेऊन आईसमोर आल्या, फोटोवाले वाकले, आणि आईनं मान मागे घेतली.

"काकू, घाबरू नका, आता जमाना बदललाय," बाई माइकमध्ये म्हणाल्या. टाळ्या पडल्या. खालून त्यांचे यजमान हातानं खुणा करत होते, लावून टाक, लावून टाक. कुंकवाचं बोट पुन्हा पुढे आलं.

आईनं त्यांचं मनगट धरलं. टाळ्या थांबल्या.

"अगं, पुसायला आल्या होत्या त्यांनाही मी हात लावू दिला नव्हता," ती म्हणाली. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "मग तुला कसा लावू देऊ? तिळगूळ दे मला."

बाईंचा चेहरा उतरला. मला त्यांची कीव आली आणि उद्या लिफ्टमध्ये त्यांना तोंड कसं दाखवायचं याची भीतीही वाटली. त्यांनी तिळगूळ दिला. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी मात्र आपण होऊन कपाळ पुढे केलं. कुंकू लागल्यावर त्या रडायला लागल्या, आणि त्या आनंदानंच रडत होत्या. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

परतताना रिक्षात मी हवेत होते. आईला म्हटलं, मला तुझा फार अभिमान वाटतो. मग तेवढ्यावर थांबावं की नाही? मी म्हटलं, आता कुणाची बळजबरी नाही, घरी आपल्या मनानं लाव की पुन्हा, किती शोभायचं तुला.

मांडीवरचा वाणाचा डबा आईनं दोन्ही हातांनी धरला होता.

"तिचा हात तरी धरता आला मला," ती म्हणाली. "तुझा कसा धरू?"