मोजायचा राहिलेला पाऊस

आमच्या ह्यांनी, म्हणजे वेंकटरावांनी, ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीच्या अंगणात एकतीस वर्षं पाऊस मोजला. रोज सकाळी साडेआठला भांड्यातलं पाणी मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पाऊस नसला तर शून्य लिहायचं. शून्यासाठी धावत बस धरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

चुकले ते तीनच दिवस. सव्वीस वर्षांपूर्वी, ऐप्पशीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन पावसाच्या महिन्यात, तंजावूरच्या इस्पितळात मला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. बाहेर धो धो पाऊस होता. चौथ्या दिवशी ह्यांनी कचेरीत जाऊन भांडं न मोजताच मातीत ओतलं आणि वहीत तीन शून्यं लिहिली. माझी पोर जगली तेवढे दिवस सरकारदरबारी कोरडे. याचा मला राग होता, आणि तो काही गेला नाही.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मीही ह्यांच्याबरोबर गेले. म्हटलं, ती शून्यं तशीच ठेवून घरी यायचं नाही.

"आता आकडा कुठून आणू?" हे म्हणाले.

कचेरीसमोर काजामैदीनभाई छत्र्या दुरुस्त करतात. ह्यांचे जुने स्नेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आमच्या कुराणात आहे, तो आभाळातून पाणी मापानं पाठवतो आणि जमिनीत ठेवतो."

"तो मोजतो, तर मला कशाला ठेवलं होतं?"

"ताळा बघायला."

ह्यांना तेवढंच हवं होतं. "विज्ञानही तेच सांगतं. ओतलेलं पाणी मुरतं, वाफ होऊन वर जातं, पुन्हा पडतं. म्हणजे ते पाणी पुढे कधीतरी माझ्या भांड्यात आलंच असणार." पुरुषांना अंग काढून घ्यायला ढगसुद्धा पुरतो.

मी भाईंना विचारलं, "ओळ एवढीच आहे?"

भाई छत्रीची काडी सरळ करत राहिले. मग म्हणाले, "नाही, अम्मा. पुढे आहे, ते परत नेणंही त्याच्याच हातात आहे."

हे तडक कचेरीकडे वळले. मग आत जाऊन त्यांनी जुनी वही काढायला लावली. शून्यांना हात लावला नाही. शेजारी तमिळमध्ये लिहिलं: 'तीन दिवस पाऊस होता. मी मोजला नाही. मुलगी होती.'

कचेरीतल्या साहेबांनी वाचलं. "शेवटच्या वाक्याचा पावसाशी काय संबंध?"

"तारखा त्याच आहेत," हे म्हणाले, आणि खाली सही केली.