कुंभकोणमची शिल्लक

‘हिंदू कुटुंबाची बचत’ या विषयावर निबंध वाचायचे मी पुण्याच्या एका अभ्यासमंडळात कबूल केले, पण त्यासाठी कुंभकोणमच्या मराठी घरांची पाहणी करायला जाण्याचे गाडीभाडे द्यायचे मंडळाने कबूल केले नाही. शेवटी पत्नीने “दादाने पाठवलेत” म्हणून रुपये हातावर ठेवले आणि अर्थशास्त्र मार्गी लागले.

मद्रासहून निघालेली गाडी आडुतुरै, तिरुविडैमरुदूर करत भातखाचरांतून रमतगमत कुंभकोणमला पोचली. उतरलो व्यंकटरावांकडे. तंजावरचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर दरबार सोडून कचेरीत शिरलेल्या घराण्यातले हे पेन्शनर कारकून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

“शस्त्रक्रिया का करून घेत नाही?” मी विचारले.

“पैका कुठें अहे?”

मी लगेच छापील तक्ता काढून त्यांच्या नावापुढे लिहिले: बचत, काही नाही. असा उत्साही संशोधक विरळाच.

त्यांच्या पत्नी सुंदराबाईंनी इडलीबरोबर कडप्पा (बटाटा आणि मुगाच्या डाळीचे पातळ कालवण) वाढला. मी दोनदा मागून घेतला. मग आठवडाभर गल्लीतल्या तिण्णैंवर (ओट्यांवर) बसून एकेका कुटुंबप्रमुखाला गाठले. सगळ्यांचे उत्तर एकच. रोज संध्याकाळी मी ते तक्ते व्यंकटरावांना वाचून दाखवी आणि ते समाधानाने मान हलवत. स्वैपाकघरातून खुसखुस ऐकू येई. माझ्या पुणेरी मराठीला हसत असतील, असे मी धरून चाललो.

साक्कोट्टैच्या देवळाला निघालो त्या दुपारी टांग्याचे चाक निखळले. पायी परतलो आणि मागच्या दाराने शिरलो. परसात माझ्या तक्त्यांतल्या सगळ्या ‘काही नाही’वाल्या घरांतल्या बायका बसल्या होत्या. मध्ये पितळी तांब्या, त्यात चिठ्ठ्या. आपल्याकडची भिशीच, इथे तिला चीट म्हणतात. नुकतीच सुंदराबाईंची चिठ्ठी निघाली होती.

“हें तक्त्यांत लिहूं नका,” त्या म्हणाल्या.

“पण सगळे पुरुष तर नाही म्हणाले!”

“त्यांना काय ठाऊक? अम्हांला कोणीं पुसलें?” मग त्यांचा आवाज उतरला. “यजमानांना कळलें तर उद्यां भावबंदांस वांटून मोकळे होतील. दोनदां झालें असें. अवंदा त्यांना डोळ्यांसाठीं मदरासेस नेतें. तिथें पोंचल्यावर सांगेन.”

माझ्या निबंधाचे सगळे सोने त्या परसात पडले होते. लिहायला हात शिवशिवत होते. मी क्षणभर विचारात पडलो, याची मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी व्यंकटरावांनी विचारले, “आज नवें काय सांपडलें?”

“काही नाही,” मी म्हणालो. आत या वेळी कोणी हसले नाही.

पुण्याला पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी मेहुण्याला आभाराचे पत्र लिहायला बसलो. पत्नी शेजारी भाजी निवडत होती.

“दादाला लिहू नका,” ती म्हणाली. “त्याला यातलं काही ठाऊक नाही.”

मी पत्राचा कागद बाजूला सारला. मग एक कोरा तक्ता घेतला, कुटुंबप्रमुख म्हणून स्वतःचे नाव घातले आणि पुढचा रकाना भरून तिला वाचून दाखवला: बचत, काही नाही.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.